शेवटचे कबूतर आणि पारवा रंग

गिरगावातल्या आमच्या चाळीत दर दिवाळीला मुले मिळून किल्ला करीत असत. विटा आणि दगड रचून त्यांवर ओल्या पोत्याचे तुकडे टाकायचे, त्यांवर चिखलाचा लेप द्यायचा, उतारावर हळीव पेरायचे आणि ते उगवून आले की पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे उभे करायचे, असा तो क्रम असे. कोणता मावळा कुठे उभा राहिला तर गड राखल्यासारखा दिसेल, यावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. आज पन्नाशी ओलांडल्यावर मी युद्धप्रसंगांचे लहान देखावे तयार करते, तेव्हाही मूळ प्रश्न तोच असतो, हे माझ्या ध्यानात आले आहे. इंग्रजीत ज्याला डायोरामा म्हणतात त्याला आपल्याकडे गणपतीच्या मंडपापासून रुळलेला ‘देखावा’ हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो. कारण त्यात कुणीतरी समोर उभे राहून पाहणार आहे हे गृहीत धरलेले असते. या वेळी जो देखावा मी केला त्याला नऊ महिने लागले, आणि त्यातला बहुतेक वेळ दोन सेंटिमीटर लांबीच्या एका कबुतरावर गेला.

प्रसंग पहिल्या महायुद्धातला आहे. फ्रान्समधील व्हर्डनची लढाई २१ फेब्रुवारी १९१६ रोजी सुरू झाली आणि डिसेंबरपर्यंत चालली. दुओमाँचा मोठा किल्ला पहिल्या आठवड्यातच जर्मनांच्या हाती गेला होता. जूनच्या आरंभी त्यांनी त्याच्या शेजारच्या, आकाराने लहान अशा ‘वो’ किल्ल्यावर हल्ला चढवला. किल्लेदार होते मेजर सिल्व्हेन-यूजेन रेनाल, वय ४९, आधीच्या जखमेमुळे काठी टेकत चालणारे. आत सुमारे ६०० माणसे दाटीवाटीने अडकलेली होती. जर्मन सैनिक किल्ल्याच्या छतावर पोहोचले होते, आतल्या अरुंद बोगद्यांमध्ये वाळूच्या पोत्यांचे अडसर उभारून हातबॉम्बांनी लढाई चालली होती, बाहेरून ज्वाला आणि धूर आत सोडला जात होता, आणि टाकीतले पाणी संपत आले होते. ४ जून रोजी रेनाल यांनी आपल्याजवळचे शेवटचे कबूतर सोडले. आम्ही अजून टिकून आहोत, पण वायू आणि धुराचा मारा फार घातक आहे, आमची सुटका तातडीने झाली पाहिजे, सूव्हिलचा किल्ला आमच्या प्रकाशखुणांना उत्तर देत नाही, अशा आशयाचा तो निरोप होता. आणि शेवटी एक वाक्य होते, ‘हे माझे शेवटचे कबूतर आहे.’ कबुतराचा फौजी क्रमांक ७८७-१५ असा होता. वायूने गुदमरलेला तो पक्षी व्हर्डनच्या ढाबळीत पोहोचला आणि तिथेच मेला, असे सांगतात. किल्ला त्यानंतर ७ जूनपर्यंत लढला आणि तहानेपुढे शरण गेला. शरण आलेल्या रेनाल यांना जर्मन युवराजाने सन्मानाने तलवार दिली.

हा प्रसंग मी अनेक वर्षांपूर्वी वाचला होता आणि तो मनातून गेला नव्हता. कबुतराची डाक एकाच दिशेने चालते, हे त्यातले मला सर्वांत बोचणारे सत्य आहे. कबूतर निरोप घेऊन कुठेही जात नाही. ते फक्त आपल्या घरी परतते. म्हणून ते आधी घरापासून दूर, टोपलीत घालून, आघाडीवर न्यावे लागते, आणि एकदा हातातून सुटले की ज्याने सोडले त्याच्याकडे ते पुन्हा कधी येत नाही. शेवटचे कबूतर सोडणारा शिपाई स्वतः जाऊ शकत नाही त्या घराकडे त्याला पाठवत असतो. हे सारे देखाव्यात आणायचे तर ते चेहऱ्यात नव्हे, हातांत आणावे लागेल, अशी माझी खात्री होती. म्हणून मी हातांपासून सुरुवात केली.

प्रमाण एकास सोळा असे निवडले. या प्रमाणात माणूस शिरस्त्राणासह साधारण अकरा सेंटिमीटर उंच होतो, आणि कबूतर टोकापासून शेपटीपर्यंत दोन सेंटिमीटर. सैनिकी पुतळ्यांमध्ये एकास पस्तीस हे प्रमाण अधिक चालते, पण त्यात कबूतर नऊ मिलिमीटरचे होते आणि त्याच्या पायाभोवतीची बोटे दाखवणे माझ्या हाताच्या कक्षेबाहेर जाते. फ्रेंच पायदळातल्या शिपायाचा रेझिनचा एक संच मी बाहेरून मागवला. तो बंदूक खांद्याला लावून उभा होता. मी त्याचे दोन्ही हात खांद्यापासून कापून टाकले. दुसरा पुतळा, म्हणजे काठी टेकून मागे अंधारात उभे असलेले रेनाल, जवळजवळ सगळाच नव्याने घडवला. तांब्याच्या तारेचा सांगाडा, त्यावर एपॉक्सी पुट्टी, ती अर्धी कडक झाली की कोरण्याच्या हत्यारांनी कापडाच्या चुण्या. तार लोहार चाळीतून आणली होती. तिथे हव्या त्या जाडीची तार अर्धा मीटरसुद्धा मिळते. रेझिन घासताना मी पॉलिशपेपर नेहमी पाण्यात बुडवून वापरते आणि तोंडावर मास्क लावते, कारण ती बारीक धूळ फुप्फुसात जाणे बरे नव्हे.

हातांचा प्रश्न मात्र घरबसल्या सुटेना. छायाचित्रांमध्ये कबूतर सोडणारे शिपाई भरपूर दिसतात. ९ ऑगस्ट १९१८ रोजी आल्बेर गावाजवळ एका ब्रिटिश रणगाड्याच्या कुशीतल्या झरोक्यातून कबूतर सोडणारा हात तर फारच प्रसिद्ध आहे. पण छायाचित्र एकाच बाजूने पाहते, आणि पुतळा चोहोबाजूंनी पाहिला जातो. बोटांच्या आतल्या अंगाला काय चालले आहे, ते कुठेच दिसत नव्हते. शेवटी परळच्या एका जुन्या चाळीच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ असलेल्या एका निवृत्त गिरणी कामगाराकडे माझ्या भावाने मला नेले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि काही न बोलता एक होमर, म्हणजे दुरून घरी परतणाऱ्या जातीचा पक्षी, माझ्या हातात दिला. मी तो दोन्ही तळव्यांत ओंजळीसारखा धरला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

“ताई, पाणी नाही धरायचंय. पाय आधी पकडा. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट, ह्या दोघांमध्ये पाय घ्या, मागं खेचून. आता अंगठा वरून, पंखांच्या टोकांवर. छाती उघडी ठेवा. छाती दाबली की पाखरू घाबरतं.”

ते पाखरू माझ्या हातात शांत झाले, आणि त्याच्या छातीतला ठोका मला करंगळीत जाणवू लागला. त्या दिवशी मी अण्णांच्या हाताची सत्तरेक छायाचित्रे काढली, वरून, खालून, मनगटाच्या बाजूने. सोडण्याच्या क्षणाची तर विशेष काढली, कारण माझा शिपाई कबूतर धरून उभा नव्हता, सोडत होता. या दोहोंत फार अंतर आहे. धरताना कोपर अंगाशी असते. सोडताना दोन्ही कोपरे पुढे जातात, मनगटे वर वळतात, आणि नजर हातावर न राहता हाताच्या वर, जिथे पक्षी क्षणभराने असणार आहे तिथे जाते. संचातल्या शिपायाची मान सरळ होती. ती मी कापून वर उचलली.

पक्ष्याचे शरीर मी पुट्टीतून कोरले, आणि पंख व शेपटी कागदातून केली. आरंभी पंख अखंड कापून त्यावर पिसांच्या रेघा ओढल्या, पण ते पत्र्याच्या पंख्यासारखे दिसू लागले, कारण उडताना पंखाची टोकाकडची पिसे एकमेकांपासून सुटतात आणि त्यांच्यामधून उजेड दिसतो. म्हणून प्रत्येक पीस वेगळे करायचे ठरवले. पारव्याच्या प्रत्येक पंखाला टोकाकडची दहा मोठी पिसे असतात आणि शेपटीत बारा. बटर पेपरला पातळ फेविकॉल लावून तो कडक केला, त्यातून सुमारे अकरा मिलिमीटर लांबीची वीस पिसे आणि शेपटीची बारा कापली, आणि प्रत्येकाच्या मधोमध बोथट सुईने दाबून कणा उठवला. आतल्या बाजूची लहान पिसे मात्र पुट्टीतच कोरली. ती एकमेकांवर इतकी चपखल बसलेली असतात की वेगळी केली तर पक्षी विस्कटल्यासारखा वाटतो. पायाला निरोपाची अल्युमिनियमची नळी हवी होती. तीही केली, जेमतेम दोन मिलिमीटरची, औषधाच्या गोळ्यांच्या वेष्टनातला पातळ पत्रा सुईभोवती गुंडाळून.

पंखांची ठेवण कशी असावी हे मला माझ्या खिडकीने शिकवले. मुंबईत पारव्यांचा तुटवडा नाही, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या सज्ज्यावर एक जोडी कायम असते. भाच्याने मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करून दिले. एका सेकंदाला २४० चित्रे या गतीने पाहिल्यावर कळले की उड्डाणाच्या पहिल्या झेपेत पंख डोक्याच्या वर जाऊन जवळजवळ एकमेकांवर आपटतात, आपण ऐकतो तो फडफडाट त्याचाच. शेपटी पंख्यासारखी पसरून खाली वळलेली असते, आणि पाय क्षणभर लोंबकळतात. मी कोरलेला पक्षी तोवर घारीसारखा पंख पसरून होता. ते पंख काढून टाकले आणि पुन्हा बसवले, उभे, एक दुसऱ्यापेक्षा किंचित मागे. (सज्ज्यावरची विष्ठा सुकी खरवडू नये, ती ओली करून, नाकातोंडावर फडके बांधून पुसावी. कबुतरांच्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्याने फुप्फुसाचा चिवट आजार होऊ शकतो, आणि पक्षी आवडतात म्हणून हे विसरता येत नाही.)

कबुतरांची वेताची टोपली करताना मी तीनदा फसले. मेण लावलेला दोरा आणि बारीक तारेच्या उभ्या काड्या घेऊन विणायला बसले की दुसऱ्या फेरीला वीण बिघडायची: जिथे दोरा काडीच्या मागून जायला हवा, तिथे तो पुन्हा पुढूनच जाई आणि वीण तयारच होत नसे. दादरच्या बाजारात सुपे-टोपल्या विकणाऱ्या बुरूड मावशींना विचारले, तर त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले की उभ्या काड्या विषम असाव्या लागतात. मी सोळा लावल्या होत्या. सतरा लावल्यावर वीण आपोआप एकाआड एक बसत गेली.

आता रंगाकडे येते, कारण या कामातला खरा पेच तिथे होता. १९१५ पासून फ्रेंच पायदळाचा गणवेश फिकट निळसर करड्या रंगाचा होता. त्याला ते ‘ब्लू ओरिझाँ’, म्हणजे क्षितिजनिळा म्हणत. युद्धाच्या आरंभी फ्रेंच शिपाई लाल विजारी घालून लढायला गेले होते आणि दुरूनच टिपले जात होते. तांबडा, पांढरा आणि निळा अशा तीन रंगांच्या लोकरीचे मिश्र कापड विणण्याचा विचार होता, पण तांबड्या रंगासाठी लागणारे ॲलिझरिन जर्मनीहून येत असे. ते मिळणे बंद झाल्यावर तांबडे धागे गळले आणि पांढरे व निळे उरले. हे कापड रंगात बुडवलेले नसून आधी रंगवलेल्या लोकरीच्या मिश्रणाचे असल्यामुळे दर ताग्याचा रंग थोडा वेगळा येई. चित्रकाराला यात मोकळीक मिळते, पण माझी अडचण वेगळी होती. हा रंग म्हणजे आपला पारवाच. आपल्याकडे साडीच्या दुकानात पारवा रंग मागितला की जे ठाण पुढे येते, त्यात आणि धुवून धुवून विटलेल्या क्षितिजनिळ्या डगल्यात दुरून फरक दिसत नाही. मी पहिल्यांदा दोन्ही रंगवून पुतळ्याच्या हातात पक्षी ठेवला, आणि चार फुटांवरून तो दिसेनासा झाला. बाहीचाच एक पदर सुटून वर आला आहे, असे वाटत होते.

पांढरे कबूतर घेतले असते तर पेच एका क्षणात सुटला असता, आणि तसे मला सुचवलेही गेले. मला ते पटले नाही. पांढरे कबूतर म्हटले की पाहणाऱ्याच्या मनात शांततेचे चिन्ह उभे राहते, आणि मला चिन्ह नको होते. मला डाकेचे एक कष्टकरी जनावर हवे होते. शिवाय पारव्याचा पारवा आणि डगल्याचा पारवा मुळात वेगळे आहेत, हे मला दिसत होते. ते वेगळेपण रंगवून दाखवणे हेच काम होते. डगल्याच्या लोकरीवर व्हर्डनची फिकट पिवळट माती होती, घाम होता, धूर होता. म्हणून डगल्याचा निळा मी सगळीकडून उबदार केला. ॲक्रिलिकच्या पायावर कॅमलचे तैलरंग वापरले: सावलीत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचे मिश्रण, आणि जिथे उजेड पडतो तिथे पांढऱ्यात येलो ऑकरचा थेंब. तैलरंग आधी रात्रभर पुठ्ठ्यावर काढून ठेवले, म्हणजे पुठ्ठा तेल शोषून घेतो आणि रंग वाळल्यावर तुकतुकीत न होता लोकरीसारखा मंद राहतो. कॉलरवरचा १४२ हा पलटणीचा आकडा गडद निळ्याने लिहिला. त्या पलटणीची माणसे किल्ल्यात होती. पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांवर मी जास्त माती चढवली. या पट्ट्यांना इंग्रजीत जो शब्द आहे तो आपल्या ‘पट्टी’वरूनच गेलेला आहे, याची आठवण त्या रंगवताना दर वेळी होत असे.

पक्षी उलट थंड ठेवला. पाठीचा करडा रंग निळ्या-जांभळ्याकडे झुकवला, पंखावरचे दोन काळे पट्टे ठसठशीत केले, शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा दिला आणि कडेच्या पिसाची बाहेरची धार पांढरी ठेवली. मान हा या पक्ष्याचा दागिना आहे. तिथला हिरवा आणि जांभळा हे रंगद्रव्य नसते. पिसांच्या तंतूंवरच्या अतिशय पातळ थरात प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळून तो रंग दिसतो, म्हणून पक्षी मान वळवतो तसा तो बदलतो. पैठणीचे उभे-आडवे धागे दोन रंगांचे असले की पदर हलताना जी धूपछाव दिसते, तिच्याशी त्याचे नाते आहे. मी मानेला आधी जवळजवळ काळा रंग दिला, त्यावर धातूची झाक असलेला हिरवा अगदी पातळ, आणि छातीकडे उतरताना तसाच जांभळा. पहिल्या वेळी झाक जास्त झाली आणि कबूतर मोरासारखे दिसू लागले, तेव्हा वरून करड्याचा एक पातळ हात फिरवून ती मागे ढकलली. चोचीच्या मुळाशी पांढरी गाठ, डोळा नारिंगी, पाय डाळिंबी.

पक्षी झाला असे मला वाटत असताना माझी भाची घरी आली. ती रविवारी पक्षी पाहायला जाणाऱ्यांपैकी आहे. तिने भिंगाखाली पाहिले आणि म्हणाली, “आत्या, ही कंबर आपल्या खिडकीतल्या पारव्याची आहे. युरोपातल्या रानपारव्याची कंबर पांढरी असते.” ती बरोबर होती. आपल्या भागातल्या पारव्याची पाठ पंखांपासून शेपटीपर्यंत करडीच असते. मी खिडकीत जे पाहिले तेच रंगवले होते. करड्या कमरेचे कबूतर फ्रेंच ढाबळीत असणे अशक्य नव्हते, तरी मी बदल केला, आणि त्याचा लाभ अनपेक्षित झाला. पंख उभे असल्यामुळे कंबर उघडी होती, आणि त्या लहानशा पांढऱ्या तुकड्याने पक्षी डगल्यापासून एकदम सुटा झाला. ज्यासाठी मी तीन आठवडे झटत होते, ते तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या ठिपक्याने साधले.

चेहऱ्यांसाठी मी जुलैत लालबागला गेले. गणपतीच्या कारखान्यांत त्या सुमारास दिवसरात्र काम चाललेले असते, आणि डोळ्यांची आखणी मात्र एकच अनुभवी माणूस करतो. मी ज्यांना पाहिले ते मूर्तीसमोर बराच वेळ नुसते बसले, मग श्वास रोखून एका दमात वरच्या पापणीची रेघ ओढली. बुबुळ पापणीला चिकटलेले असावे, सुटे नसावे, नाहीतर नजर दचकलेली दिसते, हे त्यांनी सांगितलेले सूत्र माझ्या शिपायालाही लागू पडले. तो वर पाहत असल्यामुळे बुबुळाचा वरचा तिसरा हिस्सा पापणीखाली गेला. ओठ मी सुकलेले, फुटलेले दाखवले, आणि गालांचा तांबूसपणा काढून घेतला. तहानलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो टिकत नाही.

किल्ल्याची भिंत करायला फार वेळ लागला नाही. थर्माकोलवर प्लास्टरचा लेप, त्यावर कोरलेले दगडांचे सांधे, तुटलेल्या काँक्रीटमधून बाहेर आलेल्या सळ्या, एका बाजूला पोत्यांचा अडसर आणि वर उजेडाचे भगदाड. तिथे रेंगाळावेसे वाटले ते एकाच गोष्टीसाठी. पाणी संपल्यावर आतली माणसे भिंतींवरची ओल चाटत होती, अशी नोंद आहे. ओल म्हणजे काय ते मुंबईत राहणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही. ती वरून ओघळत येत नाही, आतून फुलते. कडेला पांढरा लोणा धरते, मधे काळपट हिरवी होते आणि तिची सीमा कधीच सरळ नसते. माझ्या न्हाणीघराबाहेरची भिंत समोर ठेवून मी तीच रंगवली, आणि शिपायाच्या तोंडाच्या उंचीवर एका जागी ती ओल पुसून कोरडी केली.

पावसाळ्याने मला एकदा चांगलेच रडवले. तैलरंग वाळायला कोरड्या दिवसांत लागतात त्याच्या दुपटीहून अधिक दिवस लागत होते, म्हणून एका जुन्या कपाटात साठ वॅटचा दिवा लावून त्यात पुतळे ठेवत होते; तोवर सारे ठीक होते. मग ऑगस्टमधल्या एका कोंदट संध्याकाळी मी घाईने मॅट वॉर्निशचा फवारा मारला, आणि डोळ्यांदेखत रेनाल यांच्या डगल्यावर पांढरे धुके चढले. हवेतली वाफ वॉर्निशच्या थरात अडकली की असे होते. खरवडून काढायची वेळ आली असे वाटले होते, पण दोन दिवस कपाटात सुकवून वर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिल्यावर खालचे रंग परत दिसू लागले, आणि उघडीप पडलेल्या एका दुपारी पुन्हा मॅट दिले. पावसाळ्यात फवारा मारायचा नाही, एवढे मी भिंतीवर लिहून ठेवले आहे.

मांडणीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली होती, ती मी शेवटी दुरुस्त केली. मी पाच कबुतरे तयार केली होती: एक हातात, तीन टोपलीत आणि एक पोत्यांवर बसलेले. पाचही चांगली झाली होती, आणि म्हणूनच मला ती सगळी लावायची होती. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पक्ष्यांचे देखावे आहेत. ते पाहायला मी लहानपणापासून जाते, आणि या कामाच्या काळात पुन्हा दोनदा गेले. त्या इमारतीत पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय होते आणि संग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते १९२२ मध्ये, हे मनात असल्यामुळे या वेळी तिथे उभे राहणे निराळे वाटले. तिथल्या काचांमागे पाहताना जाणवले की देखाव्यातला प्रत्येक पक्षी त्या जागेविषयी काहीतरी खरे सांगत असतो. माझ्या देखाव्यातली चार कबुतरे खोटे सांगत होती. निरोपात ‘शेवटचे’ असे लिहिलेले होते. टोपलीत आणखी तीन असतील तर तो शब्दच उरत नव्हता. घरी येऊन मी चारही काढली. टोपलीचे झाकण उघडे ठेवले, तळाशी थोडे गवत, दोन दाणे आणि एक करडे पीस टाकले. रेनाल यांची नजर आधी पक्ष्याकडे होती. ती मी त्या टोपलीकडे वळवली.

सगळे जुळवून झाले तेव्हा मी अण्णांना बोलावले. ते आले, चष्मा पुसला, आणि किल्ला, मेजर, भिंत यांपैकी कशाकडेही न पाहता सरळ हातांवर वाकले. बराच वेळ त्यांनी पाहिले.

“अंगठा बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण ताई, हा माणूस सोडतोय ना? मग हे बोट अजून पायाला का चिकटलंय? पाखरू सुटायच्या आधी बोट सुटतं. पाखराला ते कळतं, तेव्हाच ते पंख उचलतं.”

पंख वर गेलेले होते आणि बोट मिटलेले होते. नऊ महिन्यांत ही विसंगती माझ्या ध्यानात आली नव्हती. ते गेल्यावर मी दिवा जवळ ओढला, उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून कापली, अर्ध्या मिलिमीटरची तार घालून ती बाहेरच्या अंगाला उघडून बसवली, सांध्यात पुट्टी भरली आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच जागी कातडीचा रंग जुळवला. पाय आणि बोट यांच्यामध्ये आता केसभर फट आहे, आणि मागून उजेड धरला तर तो त्या फटीतून आरपार दिसतो.